तुटक्या पाकळीचा मामूल

ट्रे बदलला नसता, तर लमीसने त्या नव्या माणसाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

रमजानचा सत्ताविसावा दिवस होता. दुपारचे तीन वाजलेले. अलेप्पोच्या जुन्या शहरात सकाळपासून पाऊस लागला होता... जोराचा नाही, नुसता कंटाळवाणा, अर्धवट पडलेल्या भिंतींवरून मातकट ओघळ काढत बसलेला. अबू नज्मच्या भट्टीपुढे बायकांची रांग होती. प्रत्येकीने सकाळी आपापला मामूलचा, म्हणजे ईदच्या सारणभरल्या बिस्किटांचा, ट्रे भाजायला आणून टाकला होता, प्रत्येकीला तो आता न भिजवता घरी न्यायचा होता, आणि पोटात सकाळपासून काही नसल्यामुळे प्रत्येकीच्या नाकावर राग होता.

लमीसचा नंबर आला. आतून एका उंच, वाळलेल्या माणसाने ट्रे पुढे केला.

"हा आमचा नाही," ती म्हणाली.

"उम्म गियास ना? कागद लावला होता..." त्याने ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं. कागदाचा ओला लगदा बोटाला चिकटून आला. "होता."

"मग आता?"

"आता तुम्हीच सांगा. आत चाळीस ट्रे आहेत. सगळ्यांत रव्याचेच मामूल, सगळे गोल, सगळे गोरेपान. तुमचे कुठले ते मी कसं ओळखायचं? एकेक चाखून?"

"रोजा असेल ना तुमचा?"

"तिथेच तर अडलंय."

मागे रांगेत फहीमा खाला फिसकन हसली. लमीसला हसायचं नव्हतं, पण ओठ ऐकेनात. तिने ओढणी सारखी केल्याचं निमित्त करून तोंड लपवलं.

"चाखायला नको," ती म्हणाली. "नुसतं बघा. मामूलवर फूल असतं ना, आठ पाकळ्यांचं? आमच्या फुलाची एक पाकळी तुटकी असते. घरचा साचाच तसा आहे."

तो माणूस हलला नाही. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजत होते, आत भट्टी धगधगत होती, आणि तो लमीसकडे असा बघत राहिला की तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग तो वळला, रांगेने ठेवलेल्या ट्रेंवरून नजर फिरवत गेला, आणि कोपऱ्यातल्या एका ट्रेपाशी थांबला. त्यातला एक मामूल उचलून त्याने तळहातावर ठेवला. उजेडाकडे धरला. तुटक्या पाकळीवरून अंगठा फिरवला... एकदा, दोनदा.

"यमान," अबू नज्म आतून ओरडला, "पाव जळतोय. मामूल कधी पाहिला नव्हतास का रे?"

यमानने ट्रे आणून दिला. त्याच्या कडा त्याने लगेच सोडल्या नाहीत. लमीसला वाटलं, उपास लागलाय बिचाऱ्याला.

"कोणी तोडली?" त्याने विचारलं. "पाकळी."

"माझ्या भावाने. सात वर्षांचा होता. अक्रोड फोडायला हातोडी सापडेना, तर साच्यानेच फोडायला बसला."

"फुटला अक्रोड?"

"नाही. साचा फुटला."

कुणीही हसलं असतं. तो हसला नाही. "कुठे असतात... भाऊ?"

"येईल," लमीस म्हणाली, आणि ट्रेवर प्लास्टिक पसरून पावसात निघाली.

या शहरात 'येईल' म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. अकरा वर्षांपूर्वी गियास विद्यापीठातून घरी यायला निघाला होता. वाटेतल्या लष्करी नाक्यावर त्याला गाडीतून उतरवून घेतलं, एवढंच सोबतच्या पोरांनी सांगितलं. तो वीस वर्षांचा होता, लमीस पंधराची. गेल्या हिवाळ्यात राजवट कोसळून सगळे तुरुंग एकदम उघडले, तेव्हा मायलेकी त्याचा फोटो घेऊन तुरुंगांच्या दारोदार फिरून आल्या. जे यायचे होते ते आले. ज्यांची नावं कागदांत सापडली त्यांच्या घरी रडणं झालं. गियास आलाही नाही आणि सापडलाही नाही.

म्हणून लमीसच्या आईने याही ईदला मामूल केले होते.

इथे ईदच्या आधीचे दोन-तीन दिवस गल्लीत एकच आवाज असतो. तुपात रात्रभर मुरवलेला रवा मळायचा, त्यात अक्रोडाचं सारण भरायचं, लाकडी साच्यात दाबायचं आणि साचा पाटाच्या कडेवर आपटायचा. टक. एक मामूल पडला. टक. दुसरा पडला. घरोघरी ही टकटक चालू असते, आणि एखाद्या घरातून ती आली नाही, की गल्ली समजून जाते. दुखवट्याच्या घरात मामूल होत नाहीत. त्या घरी शेजारीपाजारी ईदच्या आदल्या दिवशी ताटली पाठवतात, पिठीसाखर न भुरभुरवता. एरवीची देवघेव ईदच्या दिवशी, साखर पेरून. आदल्या दिवशीची कोरी ताटली म्हणजे सांत्वन, दुसरं काही नाही.

आईने अकरा वर्षांत एकदाही साचा गप्प ठेवला नव्हता. बॉम्ब पडत होते तेव्हाही नाही, अब्बा गेले त्या वर्षीही नाही. "नवऱ्याचा दुखवटा मनात पाळीन," ती म्हणाली होती, "पण हे घर गप्प बसलं आणि नेमका त्याच ईदला माझा मुलगा दारात आला तर? त्याला काय वाटेल, आपल्या नावाने रडून मोकळे झाले?" दर ईदला पहिले बारा मामूल ती पत्र्याच्या डब्यात गियाससाठी बाजूला ठेवायची. पुढच्या ईदपर्यंत त्यांचा दगड व्हायचा. मग ते चिमण्यांना कुस्करून घालायचे आणि डबा पुन्हा भरायचा.

गल्ली तिला उम्म गियास म्हणायची, म्हणजे गियासची आई. दिवसातून पन्नास वेळा, पाव घेताना, पाणी भरताना, तिला मुलाच्या नावाने हाक यायची. तिला तिचं स्वतःचं नाव आठवत होतं की नाही कोण जाणे.

ईद झाली आणि यमान लमीसला जिथेतिथे दिसू लागला.

म्हणजे तो दिसतच होता, हिनेच आता बघायला सुरुवात केली होती. सकाळी शाळेत शिकवायला जाताना ती भट्टीवरून पाव घ्यायची. तो तिचे पाव आधीच कापडात बांधून ठेवायचा.

"आज पाव जळकाय."

"जळका नाही, खरपूस आहे. तुम्हाला नाजूक गोष्टी आवडतात म्हणून काल पांढरा दिला, तर म्हणालात कच्चा आहे."

"म्हणजे मी कटकटी आहे?"

"मी कशाला म्हणू... रांगेत फहीमा खाला म्हणत होती."

"मी काही म्हटलं नाही हो," फहीमा खाला मागून म्हणायची. "मी फक्त म्हटलं, या दोघांचा पाव होईपर्यंत माझा नातू कॉलेजात जाईल."

तो फुरात नदीकाठच्या एका गावचा. त्याचं घर राहिलं नव्हतं आणि घरातलंही कोणी राहिलं नव्हतं. अबू नज्म त्याच्या आईचा चुलतभाऊ, म्हणून भट्टीवर आला. तोही गेल्या हिवाळ्यातच आतून सुटला होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायची गरजच नव्हती. तो चालताना भिंतीला धरून चालायचा. कुठलंही दार त्याच्याने लावून घेववत नसे. मागून कोणी हाक मारली की मान आधी खांद्यांत जायची, मग तो वळायचा. वरचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसताना तोंडावर हात यायचा. लमीसला तो हात फार आवडायचा. का ते विचारू नका, तिलाही सांगता आलं नसतं.

आईने त्याला बोलावून घेतलं नसतं तरच नवल. आतून सुटलेला एकही माणूस तिने सोडला नव्हता. गच्चीवरची पाण्याची टाकी दुरुस्त करायला तो आला, तेव्हा तिने फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. दाट केस, गुबगुबीत गाल, पांढरा सदरा.

"गियास नाव. असा कोणी पाहिलास का रे बाळा?"

यमानने फोटो बराच वेळ पाहिला. "आत नावं नसायची, खाला. नंबर असायचे. नाहीतर गावावरून हाक मारायचे." मग तो हळू म्हणाला, "आणि आत... असं दिसणारं कोणी नव्हतं."

आईने फोटो परत घेतला. नाराज झाली, पण त्याच्यावर नाही. उलट तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने फळीवरचा डबा काढला. गियासचा डबा. त्या डब्याला तर लमीसलाही हात लावायची परवानगी नव्हती.

"घे," आई म्हणाली. "तूही कुणाच्या तरी आईचा आहेस. बारातला एक गेला म्हणून तो रागवायचा नाही."

यमानने मामूल घेतला. तोंडापर्यंत नेला. त्याचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. मग मामूल अलगद डब्यात परत ठेवून, "पोट बरं नाही, खाला," म्हणत तो जिना उतरून गेला. टाकी तशीच गळत राहिली.

दुसऱ्या दिवशी लमीसने पाव घेताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

"रागावलात?"

"आईने अकरा वर्षांत कुणाला दिला नाही तो मामूल. अब्बांनाही नाही. आणि तुमचं पोट दुखलं."

"लमीस," तो म्हणाला. पहिल्यांदा नावाने. "मला तो गिळवला नसता. खरंच सांगतो. तुझ्यावर... तुमच्यावर नाही माझा..."

"तुझ्यावर चालेल," ती चटकन म्हणाली आणि पाव न घेताच निघून गेली. अर्ध्या वाटेवर हे तिच्या लक्षात आलं. परत जायचं तर रांगेतल्या बायका आणि त्यांची तोंडं. त्या दिवशी शाळेत ती उपाशी राहिली आणि दिवसभर उगाचच हसत होती.

अशी ती गोष्ट वाढत गेली. संध्याकाळी तो टाकी बघायला यायचा. टाकी कधीच दुरुस्त झाली होती, तरी बघायला यायचा. गच्चीवर आई कपडे वाळत घालायची आणि हे दोघे चार हात अंतर ठेवून पडक्या कठड्याशी उभे राहायचे. तो तिला बरंच काही विचारायचा. लहानपणी कुठे खेळायचीस, भांडायचीस का, गियास कसा हसायचा. गियासबद्दल बोलायला तिलाही बरं वाटायचं. बाकीचे लोक त्याचं नाव निघालं की विषय बदलायचे. हा ऐकायचा, मान खाली घालून, आणि कधीकधी ऐकता ऐकता उठून जायचा.

"तुला झालंय काय?" तिने एकदा विचारलं. "जवळ येतोस आणि पळतोस."

"मी चांगला माणूस नाही, लमीस."

"हे सगळेच सांगतात. एखादी खोड तरी सांग."

"मी भित्रा आहे."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मी आहे ना धीट. एका घरात दोन धीट माणसं जड जातात."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण 'एका घरात' म्हणालो. त्याच्याही लक्षात आलं. तोंडावर हात गेला, पण या वेळी हसू नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते.

मोठी ईद, म्हणजे बकरी ईद, आठवड्यावर आली तेव्हा अबू नज्म नवी टोपी घालून मागणी घालायला आला. लमीस कॉफीचा ट्रे घेऊन दाराआड उभी होती.

"मुलगा चांगला आहे," आई म्हणाली. "मला पसंत आहे. माझ्या मुलीलाही असणार, पाव आणायला तिला हल्ली तासभर लागतो." अबू नज्म मोठ्यांदा हसला. आई हसली नाही. "पण बाप नसलेल्या मुलीचा हात भाऊ देतो. गियास येऊ दे. तो आला की त्याच दिवशी."

अबू नज्मने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

लमीसला आईचं हे उत्तर पाठ होतं. याआधी दोघांनी ते ऐकलं होतं. पहिला दोन महिने थांबला. दुसरा दोन वर्षं थांबला, आणि आता त्याला दोन मुलं होती. ती सव्वीस वर्षांची झाली होती. आईला सोडून तिला जायचं नव्हतं, भावाला मेला म्हणायचं नव्हतं, आणि तरी रोज सकाळी आरशात पाहताना मनात यायचं, की हे असंच चालणार, डबा भरायचा आणि रिकामा करायचा.

संध्याकाळी गच्चीवर तिने सरळ विचारलं, "थांबशील?"

"थांबेन. मला थांबायची सवय आहे. पण..."

"पण?"

खाली गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं, तसा तो दचकला. "पण तू थांबू नयेस असं मला वाटतं."

"आधीच्या दोघांनीही 'पण' म्हटलं होतं," लमीस म्हणाली. "निदान त्यांनी ते माझ्या भल्याचं म्हणून सांगितलं नव्हतं. जा तू."

तो गेला. चार दिवस ती भट्टीकडे फिरकली नाही, फहीमा खालाकडून पाव मागवला.

मोठ्या ईदचा आदला दिवस उजाडला तो उन्हाने पेटलेला. सकाळी दहालाच दगडी अंगण तापलं होतं. सगळ्या गल्लीत टकटक सुरू झाली होती. आईने रवा मळून तयार ठेवला, अक्रोडाचं सारण घेतलं. अक्रोड, साखर, दालचिनी, संत्र्याच्या फुलांचं पाणी. बस. बडीशेप नाही. गियास असता तर आत्ता भांडण सुरू झालं असतं. लहानपणी एकदा त्याने दालचिनी समजून सारणात बडीशेपेची पूड ओतली होती. त्या ईदला सगळ्यांनी नाकं मुरडत तेच खाल्लं, आणि हा मात्र जन्मभर सांगत सुटला की खरी कृती हीच, आईच विसरते. अक्रोडात बडीशेप अख्ख्या अलेप्पोत कोणी घालत नाही.

आईने साचा हातात घेतला आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात यमान उभा होता. धुतलेला सदरा, ओले केस. हातात पांढऱ्या कापडाने झाकलेली ताटली. ते कापड बघूनच लमीस दारात आडवी उभी राहिली.

"आज नाही आणायची," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुमच्याकडे नसेल, पण इथे आदल्या दिवशी ताटली म्हणजे... उद्या आण. आईने बघायच्या आत जा."

"मला रीत माहीत आहे," तो म्हणाला.

पण आईने पाहिलंच. ती उठून आली, तिने कापड उचललं. ताटलीत आठ-दहा मामूल होते. वेडेवाकडे, साच्याशिवाय हाताने वळलेले. वर साखर नव्हती.

"माझ्या घरात कोण मेलंय?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. "जेवू घातलं तुला. बाळा म्हटलं. माझ्या घरी कोण मेलंय म्हणून तू ही ताटली आणलीस?"

त्याने ताटली दोन्ही हातांनी पुढे धरली. "एक खा, खाला. मग मला हाकलून द्या. हवं तर चपलेने मारा. पण एक खा."

आईने एक मामूल उचलला, कदाचित फेकायलाच. मग काय वाटलं कोण जाणे, तिने तो मोडला. तोंडात घातला. चावला. एकदा चावला आणि तिचा जबडा थांबला.

अंगणात बडीशेपेचा वास आला. लमीसलाही आला.

"अक्रोडात बडीशेप," आई म्हणाली. "हे तुला कोणी सांगितलं?"

"हलबीने. हलबचा, म्हणजे अलेप्पोचा म्हणून आम्ही त्याला तशीच हाक मारायचो. तुम्ही फोटो दाखवलात, खाला, पण मला त्याचा चेहरा त्यावरून ओळखता आला नसता. आत कोणाचाच चेहरा..." तो थांबला. "आमच्या कोठडीत जेवण म्हणजे नाहीच्यासारखं होतं. मग दिवसाला एक जण तोंडाने स्वयंपाक करायचा. कोणी मांस शिजवायचा, कोणी भात. हलबी मामूल करायचा. रवा तुपात रात्रभर ठेवायचा. आम्ही खरंच रात्रभर थांबायचो, तो घाईच करू द्यायचा नाही. मग साचा आपटायचा. तोंडाने. टक, टक. चाळीस माणसं ऐकत बसायची."

आईने भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली, पायरीवर बसली.

"कधी?"

"तिसऱ्या हिवाळ्यात. छातीत कफ भरला होता. दहा दिवस."

"एकटा होता?"

"नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं."

लमीसला तिचे स्वतःचे हात कुठे आहेत ते कळत नव्हतं. गल्लीतली टकटक ऐकू येत होती, फहीमा खालाच्या घरची, पलीकडच्या घरची.

"त्यानेच सांगितलं होतं," यमान म्हणाला, आणि आता तो लमीसकडे बघत होता. "म्हणाला, सुटलास तर अलेप्पोला जा. ईदच्या आधी भट्टीवर उभा राहा. तुटक्या पाकळीचा मामूल आला की ते माझं घर. तेवढ्यासाठी मी इथे आलो, आणि पहिल्याच दिवशी तू आलीस. मी सांगणारच होतो. तू म्हणालीस 'येईल'. मला ते शब्द उच्चारवेनात. मग रोज ठरवलं, उद्या सांगू. रोज. तुला मागणी घालायला मामाला मी पाठवलं नव्हतं, त्याने आपणच पुढाकार घेतला. पण मी त्याला अडवलंही नाही. मी भित्रा आहे म्हटलं होतं ना."

लमीसने ताटली त्याच्या हातातून हिसकावून घेतली. तिला ती भिंतीवर आपटायची होती. पण त्यात गियासचा मामूल होता. ती ताटली छातीशी धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "दोन महिने दहा दिवस. माझ्याशी हसत होतास तू."

यमानने मान खाली घातली.

आई उठली. साचा तिने ओढणीच्या टोकाने पुसला, तुटक्या पाकळीत अडकलेला जुना रवा नखाने काढला, आणि साचा कापडात गुंडाळून फळीवर ठेवला, डब्याच्या शेजारी. मळलेल्या रव्यावर झाकण घातलं. "लमीस," ती म्हणाली, "दार उघडं टाक."

दार उघडं आणि आत टकटक नाही. गल्लीला समजायला पाव तासही लागला नाही. पहिली फहीमा खाला आली, हाताला पीठ तसंच. तिने काही विचारलं नाही, आईला मिठीत घेतलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा लमीसच्या आईचा हंबरडा त्या अंगणात ऐकू आला.

दुपारी अबू नज्मने खुर्च्या आणून दारापुढे मांडल्या. पुरुष येऊ लागले. यमान लांब, समोरच्या भिंतीशी उभा होता. जायला धजत नव्हता, बसायलाही नाही.

आई दारात आली. डोळे सुजले होते. "तिथे कशाला उभा आहेस?" ती म्हणाली. "माणसं येतायत. दारात उभं राहायला घरात पुरुष नाही. मुलाच्या सांत्वनाला आलेल्यांचे हात कोण हातात घेणार? इकडे ये."

"खाला, मी तुमच्याशी खोटं..."

"ते मी नंतर बघेन. तुला सोडणार नाही. पण शेवटी त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. ये."

तो आला आणि दाराशी, भावाच्या जागी उभा राहिला. येणारा प्रत्येक जण त्याचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलत होता, आणि तो मान हलवत होता. कोणीतरी आईला काय म्हणून हाक मारावी म्हणून अडखळला, तर ती म्हणाली, "उम्म गियासच म्हणा. तो गेला म्हणून मी त्याची आई नाही का?"

संध्याकाळपर्यंत अंगणात ताटल्याच ताटल्या झाल्या. प्रत्येक घरातली, कोरी, साखर न घातलेली. अकरा वर्षं गल्लीने त्या अडवून धरल्या होत्या, असं लमीसला वाटलं. तिला भाऊ हवा होता, ताटल्या नको होत्या. आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी सैल पडलं होतं, आणि त्याची तिला शरम वाटत होती.

ऊन उतरल्यावर खुर्च्या रिकाम्या झाल्या. लमीस कडू कॉफीची किटली घेऊन बाहेर आली. यमान अजून उभाच होता. सकाळपासून बसला नव्हता.

तिने कप भरून त्याच्यापुढे धरला. "ही तुझ्यासाठी नाही. दारात उभ्या असलेल्या माणसासाठी आहे."

"माहीत आहे."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"करूही नकोस एवढ्यात."

ती तिथेच थांबली. किटलीचा दांडा दोन्ही हातांत. मग जे दिवसभर विचारायचं होतं ते तिने विचारलं. "माझ्याबद्दल... काही म्हणायचा तो?"

यमानने कप खाली ठेवला. "रोज. मामूल भाजून झाले की वर साखर भुरभुरवायचा आणि आम्हाला दम द्यायचा, की हात लावू नका, आधी माझ्या बहिणीला मोजून द्यायचेत. म्हणायचा, ती मामूलवरची साखर तेवढी चाटते आणि मामूल परत डब्यात ठेवते. मग घरात कोणाला कळत नाही की पाहुण्यांपुढे ओले मामूल का येतात."

लमीसला हसू आलं. खरंखुरं, पोटातून, आवरता न येणारं. हसता हसता ती खुर्चीत बसली आणि मग ते हसणं कधी रडणं झालं ते तिला कळलं नाही. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून थेंब आला नव्हता. यमान चार हातांवर उभा राहिला, जवळ आला नाही, आणि या वेळी पळालाही नाही.

"वर्षभर या घरात लग्नाचं नाव निघणार नाही," ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. "आईचा रिवाज आहे."

"वर्ष संपतं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत तिच्या घरात थांबणं होतं, पण ते किती, ते कोणी सांगितलं नव्हतं. बारा महिने. बोटांवर मोजता येतील एवढे.

"वर्षभर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि मग?"

"मग भांडेन. दोन महिने दहा दिवसांचं आहे, पुष्कळ वेळ लागेल." ती उठली, त्याचा रिकामा कप उचलला, आणि दारात जाऊन थांबली. मागे वळली नाही. "पुढच्या मोठ्या ईदला साचा काढू. मामूल आई करेल, बडीशेप घालून. पिठीसाखर मात्र... तू आण."